लेझरचे बिल आणि रबराची रिंग

मूळव्याधीचा त्रास मला बारा वर्षांपासून होता आणि गेल्या वर्षी तो चौथ्या अवस्थेला पोहोचला, म्हणजे बाहेर आलेले कोंब बोटाने आत ढकलले तरी आत राहीनासे झाले. कळव्याहून दादरला उभ्याने जाताना लोकलच्या डब्यात चिकटवलेली ‘बिनटाक्याचे लेझर, त्याच दिवशी घरी’ ही जाहिरात रोज समोर असे. ज्याला हे दुखणे घरातही सांगण्याची लाज वाटते, त्याला असा कागद डॉक्टरपेक्षा जवळचा वाटतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

फोनवर जी व्यक्ती बोलली ती डॉक्टर नव्हती. तिने आधी विमा किती रकमेचा आहे हे विचारले आणि रक्त पडते का हे नंतर. दुसऱ्या दिवशी घरी गाडी आली आणि घोडबंदर रस्त्यावरील एका नर्सिंग होममध्ये सर्जनांनी मला जेमतेम दोन मिनिटे तपासले. पण माझ्या फाइलवर ‘लेझर’ हा शब्द मी तपासणीच्या टेबलावर आडवा होण्याआधीच लिहिलेला होता. तो मी वाचला होता आणि तरीही गप्प बसलो.

पॅकेज 65,000 रुपयांचे सांगितले होते. ऑपरेशनच्या सकाळी कॅशलेस मंजूर होत नसल्याचे कळवून पैसे आधी भरा, विमा कंपनीकडून नंतर परत मिळतील असे सांगण्यात आले आणि सुट्टीच्या वेळी हाती आलेले बिल 1,18,000 रुपयांचे निघाले. त्यात एकदाच वापरायच्या लेझर फायबरचे, म्हणजे लेझरचा किरण कोंबापर्यंत नेणाऱ्या बारीक तारेचे, 38,000 रुपये वेगळे लावलेले होते. कमरेत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला होता आणि मध्ये हिरवा पडदा होता, त्यामुळे पलीकडे काय झाले ते मला कळण्याचा प्रश्नच नव्हता.

आठव्या दिवशी कोमट पाण्याच्या टबात बसून शेक घेतल्यावर पाणी ओतताना तळाशी एक काळी, तुरीच्या दाण्यापेक्षाही लहान अशी रबराची रिंग दिसली. ती टबाच्याच झाकणाची असावी असे समजून मी फेकणार होतो. पत्नीने ती उचलून औषधाच्या रिकाम्या डबीत ठेवली. पुढच्या महिन्यात विम्याच्या दाव्यावर प्रश्न आला: फायबरचे स्टिकर (त्याच्या पाकिटावरचे लेबल) आणि खरेदीचे बिल जोडा. केस पेपरवर स्टिकर लावण्यासाठी छापलेला चौकोन कोराच होता आणि नर्सिंग होमने दोन्ही गोष्टी अखेरपर्यंत दिल्या नाहीत.

चार महिन्यांत कोंब पूर्वीसारखे बाहेर आले, तेव्हा कळव्याच्या महापालिका रुग्णालयात गेलो. तिथल्या सर्जनांनी डबीतली रिंग पाहताच ती कशाची आहे ते सांगितले. कोंबाच्या मुळाशी रबर बँड बसवून त्याचा रक्तपुरवठा तोडायचा आणि सुकलेला कोंब बँडसह आठवडा-दहा दिवसांत गळू द्यायचा, ही जुनी आणि चांगली पद्धत आहे. पण ती लहान कोंबांसाठी असून बहुतेकदा बाह्यरुग्ण विभागातच, भूल न देता केली जाते. लेझर खरोखर वापरले असते तरी चौथ्या अवस्थेत, बाहेरची कातडीही ओघळलेली असताना, त्याचा भरवसा कमीच होता. मला लागणारी शस्त्रक्रिया म्हणजे कोंब कापून काढण्याची, 1937 साली मिलिगन आणि मॉर्गन यांनी मांडलेली उघडी पद्धत. तीत पहिले आठ-दहा दिवस शौचाच्या वेळी डोळ्यांत पाणी येते आणि जखम भरायला महिना-दीड महिना लागतो, म्हणूनच तिची जाहिरात कोणी करत नाही. ती करण्याआधी त्यांनी माझी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करून घेतली, कारण पन्नाशीच्या माणसाचे रक्त मूळव्याधीचेच आहे असे गृहीत धरून चालत नाही. पहिल्या ठिकाणी हा विषयसुद्धा निघाला नव्हता.

अशा जाहिरातीवरून जाणार असाल, तर अवस्था कोणती आणि हीच पद्धत का, हे सर्जनांच्या तोंडून ऐकल्याशिवाय आणि खर्चाचा अंदाज लेखी मिळाल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नका. फायबर किंवा स्टेपलर (कोंबाचा भाग कापून पिना मारणारे उपकरण) वापरणार असतील तर त्याचे स्टिकर केस पेपरवर लागलेच पाहिजे. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून 72 तासांत रुग्णाला वैद्यकीय कागदपत्रे द्यावी लागतात. मी मागणी तोंडी करत राहिलो आणि तीन आठवडे हेलपाटे घातले, लेखी अर्जाची पोच घेतल्यावर मात्र ती दोन दिवसांत मिळाली. त्याच नियमांत रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देण्याघेण्यास मनाई आहे, त्यामुळे फुकट गाडी पाठवणाऱ्याचे पैसे कुठून निघतात हेही विचारायला हरकत नाही.

ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात मी तक्रार दाखल केली आहे. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. समोरच्यांनी उत्तरात लेझरच वापरल्याचे लिहिले आहे. कोऱ्या चौकोनाची प्रत आणि रिंगचा फोटो आम्ही जोडला आहे, आणि डबी पत्नीने कपाटात कुलूप लावून ठेवली आहे.