लाफिंग बुद्ध की क्वानयिन? मूर्ती घेण्याआधी

चिनी बौद्ध मूर्ती घ्यायची म्हटलं की हात लाफिंग बुद्धाकडेच जातो. माझं मत आधीच सांगतो: दुकानात तो शोभतो, पण घरात एकच मूर्ती ठेवायची असेल तर क्वानयिन, म्हणजे चिनी बौद्धांची करुणेची देवता, घ्या.

लाफिंग बुद्ध म्हणजे गौतम बुद्ध नव्हेत. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्व चीनच्या चच्यांग प्रांतात एक फिरस्ता भिक्षू होऊन गेला. सुटलेलं पोट, खांद्यावर कापडी झोळी, भिक्षेत मिळेल ते झोळीत. लोक त्याला बुदाई म्हणत. तो मैत्रेयाचा, म्हणजे पुढे येणाऱ्या बुद्धाचा अवतार होता, अशी श्रद्धा त्याच्यामागे पसरली. म्हणूनच चिनी मठांच्या पहिल्या दालनात तो सहसा दाराकडे तोंड करून बसलेला दिसतो. बाजारातल्या मूर्तीच्या हातात सोन्याची लगड असते. हांगचौच्या लिंगयिन मठासमोर कड्यात कोरलेल्या बुदाईच्या हातात जपमाळ आहे. जपमाळेची किंवा नुसत्या झोळीची मूर्ती मिळाली तर तीच घ्या. लाफिंग बुद्ध भेट म्हणूनच मिळायला हवा, ही समजूत मनावर घेऊ नका.

क्वानयिनचं नातं थेट आपल्या लेण्यांशी आहे. ती म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी. आगीत, बुडत्या जहाजात, चोरांच्या तावडीत सापडलेल्याने नुसतं नाव घेतलं तरी हा बोधिसत्त्व धावून येतो, असं सद्धर्मपुंडरीक सूत्र हा महायान ग्रंथ सांगतो. अशी संकटं आणि मध्ये उभा अवलोकितेश्वर, हे शिल्प कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात आहे. भिक्षू कुमारजीवाने ४०६ साली या सूत्राचा चिनी अनुवाद केला आणि ही भक्ती तिकडे घरोघर पोहोचली. पुढे चीनच्या सोंग राजवटीच्या (दहावं ते तेरावं शतक) सुमारास त्या रूपाला स्त्रीत्व येत गेलं. मला हा सगळा प्रवास विलक्षण वाटतो. आर्त हाक ऐकणारं कुणीतरी घरात असावं, ही ओढ दोन्ही देशांत एकच.

मूर्ती निवडताना मुकुट नीट पाहा. चांगल्या घडणीत तिथे अमिताभ बुद्धांची चिमुकली बैठी आकृती असते. अवलोकितेश्वराची हीच खूण. एका हातात अमृताचा कलश, दुसऱ्यात विलो झाडाची डहाळी, हे रूप सगळ्यांना चालतं. मांडीवर बाळ असलेलं रूप अपत्यासाठी पूजतात, त्यामुळे कुणाला भेट देताना जरा विचार करा.

परीक्षेचा किंवा धंद्याचा संकल्प असेल तर जपानी दारुमा हा गोल बाहुला बरा: संकल्प करताना एक डोळा रंगवायचा, तो पूर्ण झाला की दुसरा.

बौद्ध कुटुंबाच्या गृहप्रवेशाला मात्र यांतलं काहीच नको. तिथे ध्यानस्थ शाक्यमुनींचीच, म्हणजे गौतम बुद्धांचीच मूर्ती न्यावी; लाफिंग बुद्धाला ‘बुद्धमूर्ती’ म्हणून पुढे करणं अनेकांना खटकतं, आणि ते रास्तच आहे.

क्वानयिनसाठी फूच्येन प्रांतातल्या देहुआची पांढरी चिनी माती नावाजलेली आहे. पण त्या मूर्तीची बोटं फार नाजूक असतात. घरात लहान मुलं असतील तर लाकडी किंवा पितळी मूर्ती घ्या.