तीस पौंडांचा दोरा साडेसहा किलोला तुटला

मासेमारीच्या सामानाच्या खरेदीत माझ्या हातून ११,७०० रुपये गेले आणि त्यांपैकी ७,८०० रुपये माझे नव्हते. ३,९०० रुपये राइस मिलमध्ये नुकत्याच लागलेल्या माझ्या भाच्याचे होते आणि तेवढेच आमच्या गावातील एका वयोवृद्ध ढिवर काकांचे. या दोघांनी ते मला विचारून, माझ्या शब्दावर दिले होते. म्हणूनच काय झाले, कसे झाले आणि ते कसे ओळखता आले असते, हे सारे सविस्तर लिहीत आहे.

गोंदिया जिल्ह्यातील आमच्या गावाला एक जुना मालगुजारी तलाव आहे. त्यातील मासेमारीचा हक्क ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थेकडे आहे आणि संस्थेची परवानगी घेऊन मी सुटीच्या दिवशी तेथे गळ टाकत असे. काकांनी आयुष्यभर जाळे फेकले. परंतु गुडघ्यांमुळे आता त्यांना पाण्यात उतरता येत नाही, आणि पाळीवर बसून मरळ धरता येईल अशी गळाची कांडी आपल्यालाही हवी, असे त्यांनी स्वतःहून मला सांगितले होते.

मरळ हवेतील श्वास घेण्यासाठी वारंवार वर येते, कमळाच्या पानांखाली व शिंगाड्याच्या वेलींत दबा धरून बसते आणि पाण्यावरून सरकणाऱ्या बेडकावर झडप घालते. अमेरिकेतील लार्जमाउथ बास नावाच्या माशाची शिकारीची पद्धतही बरीचशी अशीच आहे. त्यामुळे बाससाठी तयार झालेले सामान, म्हणजे वनस्पतीत न अडकणारा पोकळ रबरी बेडूक, सात फुटांचा जोमदार रॉड आणि विणलेला मजबूत दोरा, आपल्याकडे मरळीसाठी चांगलेच उपयोगी पडते. ही गोष्ट खरी आहे आणि विक्रेत्याने नेमकी तीच पकडली. आमच्या तालुक्यात बासही कोणी पाहिलेला नाही आणि बासचा रॉडही कोणी हातात घेतलेला नाही, तेव्हा वर्णनात काय लिहिले आहे याची पडताळणी येथे कोण करणार, हे त्याला ठाऊक होते.

मोबाइलवरील मासेमारीच्या एका गटात त्याची जाहिरात आली. हाय मॉड्युलस कार्बनचा सात फुटी मीडियम हेवी रॉड, बारा अधिक एक बेअरिंगचे व ७.१:१ गिअर रेशोचे स्पिनिंग रील (दोरा गुंडाळणारी फिरकी), आठ पदरी ३० पौंडी ब्रेडेड (विणलेला) दोरा ३०० मीटर आणि तीन बेडूक असा संच ३,९०० रुपयांना होता. एकेका रीलचीच एवढी किंमत असते, असे तो म्हणाला आणि ते खोटे नव्हते. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्याने तत्परतेने उत्तर दिले, रॉड वाकवून दाखवणारी चित्रफीत पाठवली आणि तीन संचांची पूर्ण रक्कम आगाऊ दिल्यास टपाल खर्च माफ करण्याचे कबूल केले. घरपोच मिळाल्यावर पैसे देण्याची सोय मी मागितली, तेव्हा ‘सर, विश्वास ठेवा, परदेशी माल आहे, परत आला तर आमचे नुकसान होते,’ असे उत्तर आले. मला तेथेच थांबता आले असते. मी थांबलो नाही, कारण तो माझ्याशी आदराने बोलत होता, एवढेच त्याचे कारण आज मला सापडते.

पार्सल सतराव्या दिवशी आले. आम्ही ते हौसेने उघडले, उघडताना चित्रीकरण केले नाही आणि कसलीही तपासणी न करता पुढच्या रविवारी तलावावर गेलो. मोहफुले गळू लागली होती, पाणी उतरले होते आणि मरळी वर येत असल्याचे बुडबुडे स्पष्ट दिसत होते. काकांनी तिसऱ्या-चौथ्या फेकीतच बेडूक कमळाच्या दोन पानांमधील फटीतून अचूक ओढला आणि पाणी फुटले. मासा मोठा होता. रॉड वाकला, रीलचा ड्रॅग, म्हणजे मासा जोराने ओढू लागला की दोरा थोडाथोडा सोडणारी योजना, सुटण्याऐवजी क्षणभर अडकला, मग झटका देऊन सुटला, पुन्हा अडकला आणि दोरा गेला. काकांनी तुटलेले टोक बोटांत धरून बराच वेळ पाहिले. ते टोक कापल्यासारखे स्वच्छ नव्हते. त्याचे धागे जुन्या लुगड्याच्या काठासारखे विस्कटून वेगवेगळे झाले होते आणि काकांच्या अंगठ्याला हिरवा रंग लागला होता. ‘गुरुजी, हा दोरा तुटला नाही जी, उसवला,’ एवढेच ते म्हणाले. मरळ तोंडात गळ आणि मागे काही हात दोरा घेऊन वेलींत गेली. पैशांपेक्षाही या गोष्टीचे मला अधिक वाईट वाटले, कारण तसा दोरा घेऊन मासा वेलींत अडकून मरतो आणि तोच दोरा पुढे पाणकोंबडीच्या पायात गुंततो.

विक्रेत्याला कळवले, तेव्हा त्याने परतीची सात दिवसांची मुदत माल पाठवल्याच्या तारखेपासून मोजून दाखवली. म्हणजे पार्सल आमच्या हाती पडण्याच्या आतच मुदत संपली होती. नंतर त्याने लिहिले की दोष मालाचा नसून देखभालीचा आहे. आम्ही रीलला तेल दिले नाही, दोरा उन्हात ठेवला, म्हणून असे झाले. एका दिवसाच्या वापरावर देखभालीचा दोष लावला जातो, हे वाचून मी पहिल्यांदा खरोखर संतापलो आणि प्रत्येक वस्तू तपासायला बसलो. हे सारे मला घरातल्याच साधनांनी करता आले.

सर्वांत आधी दोरा घेतला. ३० पौंड म्हणजे सुमारे १३.६ किलो. गाठीमुळे दोरा कमकुवत होतो, म्हणून गाठ न मारता त्याचे एक टोक कडुनिंबाच्या गुळगुळीत फांदीला आणि दुसरे बादलीच्या कडीत अडकवलेल्या लाटण्याला दहा-बारा वेढे देऊन गुंडाळले. मग बादलीत लिटरच्या मापाने हळूहळू पाणी ओतत गेलो. साडेपाच लिटरला दोरा तुटला. बादलीचे वजन धरून साडेसहा किलो. तीनदा केले, तिन्ही वेळा त्याच्याच आसपास. त्यानंतर पेन्सिलीवर दोऱ्याचे वीस वेढे एकमेकांना चिकटवून घेतले आणि पट्टीने मोजले. पाकिटावरच्या ०.२३ मिलिमीटर जाडीप्रमाणे ते ४.६ मिलिमीटर भरायला हवे होते, ते आठाच्या पुढे गेले. म्हणजे दोरा जवळजवळ दुप्पट जाड आणि निम्म्याहून कमी ताकदीचा. पदर उलगडले तर आठ नव्हे, चार निघाले.

दोऱ्याची आणखी एक तपासणी आहे, ती फार सोपी आहे आणि ती प्रत्येकाने करावी. खरा ब्रेडेड दोरा एका विशेष प्रकारच्या पॉलिइथिलीनचा असतो, जो डायनिमा किंवा स्पेक्ट्रा या नावांनी ओळखला जातो. त्याची घनता ०.९७, म्हणजे पाण्यापेक्षा कमी असल्यामुळे तो तरंगतो. नायलॉनची घनता १.१४ आणि पॉलिएस्टरची त्याहूनही जास्त, म्हणून ते बुडतात. पेल्यातील पाण्यात थोडा साबण मिसळावा, दोऱ्याचा बोटभर तुकडा त्यात पूर्ण बुडवून, चिकटलेले बुडबुडे काढून सोडावा. आमचा तुकडा सरळ तळाला गेला. फ्लुरोकार्बन नावाचा दोरा याहून जड असतो आणि तो बुडणे हाच त्याचा गुण आहे, तेव्हा ही परीक्षा फक्त ब्रेडेड म्हणून विकलेल्या दोऱ्याला लावावी.

रॉडवर सात फूट छापले होते, म्हणजे २१३ सेंटिमीटर. टेपने १९७ भरले. बुडाची रबरी टोपी काढून आतील कडा घासली, तेव्हा पांढऱ्या काचतंतूंची कुसळे दिसली आणि त्यातले एक माझ्या अंगठ्यात गेले, ते दोन दिवस खुपत राहिले. कार्बनमधून वीज वाहते, काचतंतूतून वाहत नाही. त्यामुळे रंग खरवडलेल्या जागी इलेक्ट्रिशियनच्या मीटरच्या दोन्ही सुया टेकवल्या की फरक कळतो. आमचा मीटर हललाही नाही. येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे की काचतंतूचा रॉड वाईट नसतो. तो चिवट असतो, धसमुसळेपणा सोसतो आणि काही ल्युअरसाठी (कृत्रिम आमिषांसाठी) जाणकार मुद्दाम तोच निवडतात. परंतु तो काचतंतूचा म्हणून, काचतंतूच्या किमतीला विकला पाहिजे. आणि ज्यांच्याकडे खरा कार्बनचा रॉड आहे त्यांनी तो धानाच्या बांध्यांवरून गेलेल्या ११ केव्हीच्या तारांखाली कधीही उभा धरू नये. त्यातून वीज वाहते हे परीक्षेपुरतेच लक्षात ठेवण्याचे नाही.

रॉडच्या कड्यांतून कापसाची वात फिरवली. खालून तिसऱ्या कडीत कापूस अडकून राहिला. आतील चकतीला केसासारखी चीर होती. अशा चिरेवरून दोरा दर फेकीला घासला जातो, आणि नवा चांगला दोराही तेथे टिकला नसता.

रीलच्या फिरत्या भागावर खडूने खूण केली आणि मूठ सावकाश एकदा पूर्ण फिरवली. ७.१:१ याचा अर्थ मुठीच्या एका फेऱ्यात तो भाग सात वेळा फिरला पाहिजे. तो पाचही फेरे पूर्ण करीना. भाच्याने रील उघडले, तेव्हा तेरा बेअरिंगऐवजी दोनच सापडल्या आणि इतर ठिकाणी प्लास्टिकच्या पांढऱ्या कड्या बसवलेल्या होत्या. खरे म्हणजे बेअरिंगची संख्या पाहून रील घेऊच नये. चार-पाच चांगल्या बेअरिंगचे आणि गुळगुळीत ड्रॅगचे रील वर्षानुवर्षे साथ देते. ड्रॅग पाहायचा असेल तर तो अर्धवट आवळून दोरा हाताने संथपणे ओढावा. दोरा एकसारखा सुटत राहिला पाहिजे, आचके देत नव्हे. दुकानात उभ्याउभ्या हे करता येते आणि काकांचा मासा याच आचक्यांत गेला होता.

उरलेल्या दोन बेडकांचे जोडगळ पकडीने धरून खुंटीला ओढले, तर ते तारेसारखे सरळ झाले. चांगला गळ अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून सरकवला तर रुततो. हे घसरत होते.

देखभालीचा जो आरोप आमच्यावर झाला, त्याबद्दलही लिहितो, कारण उद्या तो इतरांवर होईल. घरी आल्यावर ड्रॅग सैल करावा, म्हणजे आतील चकत्या दबून बसत नाहीत. रील पाण्यात बुडवू नये, ओल्या फडक्याने पुसावे. बेअरिंगला व दोरा जेथून वळतो त्या रोलरला तेलाचा एखादा थेंब आणि गिअरला ग्रीस, तेही मोजकेच. प्रत्येक फेरीनंतर दोऱ्याचे शेवटचे हातभर टोक तपासून, खरबरीत झाले असेल तर कापून टाकावे. नायलॉनचा दोरा उन्हाने खराब होतो, तो वर्षाला बदलणे बरे. ओले ल्युअर डबीत बंद केले की गळ गंजतात आणि मऊ रबरी ल्युअर कडक प्लास्टिकच्या ल्युअरना चिकटून त्यांना वितळवतात, म्हणून दोन्ही वेगळे ठेवावेत. हे सर्व करणे आवश्यक आहे. पण यातले काहीही चुकले तरी आठ पदरांचे चार होत नाहीत आणि रॉड सोळा सेंटिमीटरने आखूड होत नाही. हेच वाक्य मी विक्रेत्याला मापांच्या छायाचित्रांसह पाठवले. त्यानंतर त्याने माझा क्रमांक बंद केला.

बिल तेव्हा नीट पाहिले. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे असतात. बिलावरचा पत्ता दुसऱ्या राज्यातील होता, क्रमांकाची सुरुवात मात्र महाराष्ट्राच्या २७ ने होती आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो सापडला नाही. आयात मालाच्या पाकिटावर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे. आमच्या पाकिटांवर इंग्रजीतील मोठ्या अक्षरांखेरीज काहीच नव्हते. पैसे देण्यापूर्वी बिलाचा नमुना व पाकिटाच्या मागच्या बाजूचे छायाचित्र मागितले असते, तर हे दोन मिनिटांत उघड झाले असते.

ऑनलाइन पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या सायबर क्रमांकावर त्वरित कळवावे. तेथे तासांना किंमत असते आणि मी तीन आठवडे घालवले. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, खरेदीची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. मोजमापांची छायाचित्रे, संभाषण आणि तुटलेल्या दोऱ्याचे तुकडे मी त्यासाठी एका पाकिटात तारीख घालून ठेवले आहेत.

भाच्याचे आणि काकांचे पैसे मी परत केले. काका घेत नव्हते. शेवटी त्या पैशांतून नागपूरच्या दुकानातून त्यांच्यासाठी नुसता दोरा आणि दोन बेडूक आणू, रॉड पुढच्या धानाच्या पैशांवर पाहू, असे ठरले. दोरा आणला त्याच संध्याकाळी ते स्वतः घरी आले आणि कडुनिंबाखाली बादली टांगली. मी मापाने पाणी ओतत होतो आणि ते मोजत होते. बारा लिटर झाले, बादलीच्या वजनासह तेरा किलो, तरी दोरा ताणून उभा होता. काकांनी हात वर करून मला थांबवले आणि फिरकीच्या आत पेन्सिलीने तारीख लिहून घेतली.