वेळ अमावस्या ते पोळा: रिको जीआर 3 आणि सोनी आरएक्स 100 मार्क 7, वापरानंतरचा अनुभव

दोन्ही कॅमेरे 2019 सालचे, दोन्ही खिशात मावणारे. दोन्हींची किंमत सांगितली की समोरचा हमखास म्हणतो, "यात तर चांगला मोबाईल आला असता." त्याचंही चूक नाही. पण आठ-नऊ महिने दोन्ही आलटून पालटून वापरल्यावर इतकं नक्की कळतं, की हे कॅमेरे एकमेकांना पर्याय नाहीत. पाय जिथे पुढे जाऊ शकतात तिथे रिको, आणि पाय जिथे अडतात तिथे सोनी. खालचं सगळं याच हिशेबाने वाचावं.

आधी आकडे. रिकोत सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, एपीएस-सी मापाचा आहे, 24 मेगापिक्सेलचा. लेन्स एकच, 28 मिमी, एफ 2.8, झूम नाही. सोनीत ज्याला एक इंची म्हणतात तो सेन्सर, 20 मेगापिक्सेल, आणि झूम 24 ते 200 मिमी, एफ 2.8 ते 4.5. (मिमीचे आकडे 35 मिमी फिल्मच्या हिशेबाने, आकडा लहान तितकी चौकट रुंद. एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड, म्हणजे ओपनिंग, मोठं.) "एक इंची" या नावावर जाऊ नका, तो प्रत्यक्षात 13.2 बाय 8.8 मिमीचा असतो. रिकोचा सेन्सर क्षेत्रफळात त्याच्या तिप्पट भरतो. म्हणजे एकाच ओपनिंगला रिकोवर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 6400 ला जितके दाणे दिसतात, तितके सोनीवर साधारण 2000 लाच दिसायला लागतात. सोनी 200 मिमीपर्यंत ताणला की ओपनिंगही एफ 4.5 होते. तिथे दोघांतला फरक जवळजवळ तीन स्टॉपचा, म्हणजे आठपट उजेडाचा होतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). झूमची खरी किंमत ही आहे.

वजन रिकोचं 257 ग्रॅम, सोनीचं 302. हातात हा फरक कळत नाही, जाडीचा मात्र कळतो. रिको 33 मिमी, सोनी जवळपास 43. रिको शर्टाच्या वरच्या खिशात बसतो. सोनी पँटच्या खिशात जातो, पण मोटरसायकलवर टोचतो.

उन्हापासून सुरुवात करू, कारण आपल्याकडे तेच जास्त. मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत सकाळी साडेनऊनंतर रिकोच्या स्क्रीनवर फोटोची फक्त मांडणी दिसते, उजेड बरोबर पडलाय का ते कळत नाही. सेटिंगमध्ये "आउटडोअर व्ह्यू" आहे, ते एखाद्या बटणाला लावून ठेवा, थोडा फरक पडतो. स्क्रीन जागची हलत नाही आणि आत डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर नाही. वर हॉटशूवर, म्हणजे फ्लॅश बसवायच्या खाचेवर, बसणारा 28 मिमीचा ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर मिळतो, पण मग कॅमेरा खिशात जात नाही. सोनीत छोटा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर एका दाबात वर येतो, चष्म्याचा नंबर जुळवायची पट्टीही त्याला आहे. दुपारच्या कामासाठी एवढ्या एका गोष्टीवर सोनी घेतला तरी मी कुणाला दोष देणार नाही.

याच उन्हात रिकोची एक अडचण पहिल्या दिवशी कळत नाही. भर दुपारी आयएसओ 100 आणि एफ 2.8 ला योग्य वेग येतो साधारण 1/3200 सेकंद. रिकोचं शटर 1/4000 पर्यंत जातं, पण लेन्स पूर्ण उघडी असेल तर 1/2500 लाच थांबतं. शटर लेन्सच्या आतच असतं, पूर्ण उघडून मिटायला त्याच्या पात्यांना वेळ लागतो, म्हणून ही मर्यादा. फोटो फिका येतो आणि आपण मीटरला, म्हणजे कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या यंत्रणेला, शिव्या घालतो. उपाय सोपा आहे: आतला एनडी फिल्टर "ऑटो"वर ठेवा, तो दोन स्टॉप उजेड कापतो. सोनीच्या या मॉडेलमधून एनडी काढलेला आहे. तिथे यांत्रिक शटर 1/2000 पर्यंत आणि पुढे इलेक्ट्रॉनिक शटर. स्थिर विषयाला ते चालतं. मान झटकणारं जनावर किंवा धावतं पोर असेल तर आकार वाकडे येऊ शकतात, तेव्हा एफ 5.6 करून यांत्रिक शटरवरच राहिलेलं बरं.

पांढरं धोतर आणि पांढरी टोपी, ही दोन्ही कॅमेऱ्यांची खरी परीक्षा. काळी माती, काळी म्हैस नाहीतर सावलीतला ओटा मागे असला की मीटर उजेड वाढवतो आणि टोपीतला सगळा पोत जातो. दोन्हींत हायलाइटवर, म्हणजे सगळ्यात उजळ भागावर, नजर ठेवणारं मीटरिंग आहे, उन्हात तेच ठेवा. नाहीतर एक्स्पोजर (फोटोचा उजेड) उणे 0.7 करून काढा आणि सावल्या नंतर उचला. रिकोची डीएनजी, म्हणजे प्रक्रिया न केलेली कच्ची फाईल यात फार सोसते. वेळ अमावस्येला, रानातल्या पूजेच्या सणाला, कोपीच्या (कडब्याच्या खोपटाच्या) आत बसून, आतली पांडवांची पूजा आणि बाहेरचं हरभऱ्याचं रान एकाच फोटोत घ्यायचं असेल तर बाहेरच्या उजेडावर मीटर करायचं आणि आतला अंधार तीन स्टॉप वर ओढायचा. रिकोवर कडब्याची एकेक धाट दिसते. सोनीवर तोच खेळ दोन स्टॉपपर्यंत ठीक, पुढे सावलीत रंगीत दाणे येतात.

रिको घ्यायचं खरं कारण स्नॅप फोकस. बरेच जण ते कधी लावतच नाहीत आणि मग फोकस हळू आहे म्हणून कॅमेरा विकून टाकतात. अंतर आधीच ठरवून ठेवायचं, बटण एकदम पूर्ण दाबायचं, कॅमेरा फोकस शोधत बसत नाही. पोळ्याला बैल वेशीतून निघतात तेव्हा मी सांगेन ते असं: एफ 5.6, स्नॅप अंतर 2 मीटर, आयएसओ ऑटो, किमान वेग 1/500. या मापाला साधारण 1.2 मीटरपासून 6 मीटरपर्यंत सगळं स्वच्छ येतं. शिंगाचं बेगड, झुलीवरचे आरसे, कासरा धरलेला हात आणि मागची वेस, सगळं त्यात बसतं. एफ 8 केलं तर एक मीटरपासून पार लांबपर्यंत. गर्दीत हात उंच करून, स्क्रीन न बघता काढलेला फोटोही फोकसमध्ये येतो. फक्त बैलाच्या 1.2 मीटरपेक्षा जवळ जाऊ नका, आणि हे फोटोसाठी सांगत नाही.

सोनीचा फोकस वेगळ्या जातीचा आहे. डोळा पकडतो, माणूस वळला तरी सोडत नाही, आणि सेकंदाला 20 फोटो काढतो. 20 ची गरज रोजच्या कामात पडत नाही, नंतर निवडत बसायला रात्र जाते. मध्यम वेग ठेवा.

लग्नात सोनी. हे निर्विवाद आहे. मंगलाष्टका चालू असताना पाचव्या रांगेतून उठून स्टेजपर्यंत जाता येत नाही, आणि गेलात तर व्हिडिओवाला हाताने बाजूला करतो. बसल्या जागेवरून झूम लावून नवरीचा चेहरा मिळतो. हॉलमधल्या एलईडी दिव्यांखाली शटरचा प्रकार "ऑटो"वर ठेवू नका, "मेकॅनिकल" करा. इलेक्ट्रॉनिक शटरवर फोटोत आडवे काळे पट्टे येतात, कारण दिवे 50 हर्ट्झच्या विजेबरोबर लुकलुकत असतात. वेग 1/50 किंवा 1/100 ठेवला तर उजेड प्रत्येक फोटोत सारखा राहतो. अक्षता पडायच्या क्षणी फोकसचा चौकोन लहान करून चेहऱ्यावर ठेवा, नाहीतर कॅमेरा हवेतले तांदूळ पकडतो.

सोनीचा छोटा फ्लॅश थेट मारला तर चेहरे तेलकट दिसतात. तो वर आल्यावर तर्जनीने हलकेच मागे झुकवून धरता येतो. तसा धरून छताकडे मारा, घरातल्या नऊ-दहा फुटी पांढऱ्या छताखाली उजेड मऊ पडतो. पत्र्याच्या किंवा मंडपाच्या छताखाली उपयोग नाही. रंगीत मंडपाखाली तर माणसं हिरवी-गुलाबी होतात. रिकोत फ्लॅश नाहीच, वर हॉटशू आहे.

लेणी. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. आत उजेड इतका कमी की एफ 2.8, 1/10 सेकंद, आयएसओ 3200 च्या आसपास जावं लागतं. रिकोचा सेन्सर तीन दिशांनी हादरा सावरतो, सोनीची लेन्स सावरते, 1/10 दोन्हींवर जमतं. कोपरं बरगड्यांना टेकवायची, दोन सेकंदांचा टायमर लावायचा म्हणजे बटण दाबल्याचा धक्का लागत नाही, आणि एकाच चौकटीचे तीन-चार फोटो काढून त्यातला स्वच्छ तो ठेवायचा. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवर सोडला तर पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा रंग दर फोटोत बदलतो. एकदा ठरवून कुलूपबंद करा. इथे रिको सरळ पुढे आहे.

वेरूळच्या कैलासात उलट. अंगण अरुंद, मागे सरकायला कातळ आडवा, तिथे सोनीचे 24 मिमी रिकोच्या 28 पेक्षा खरोखर जास्त पोचतात. कैलास पश्चिमाभिमुख आहे, तेव्हा दुपार कलल्यावर जा. दौलताबादच्या चांदमिनाराचा हिशेबच मांडतो. मिनार सुमारे 64 मीटर उंच. कॅमेरा उभा, पण वर न झुकवता सरळ धरला, म्हणजे मिनार मागे पडल्यासारखा दिसत नाही, तर 28 मिमीला साधारण 97 मीटर मागे जावं लागतं, 24 मिमीला 83. चौदा मीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण मागे झाड किंवा भिंत आली की तोच निर्णय करतो.

कपाशीवरची गुलाबी बोंडअळी, सोयाबीनच्या पानाची खालची बाजू, पैठणीचा काठ अशा जवळच्या फोटोंसाठी रिकोचा मॅक्रो 6 ते 12 सेंटीमीटरमध्ये चालतो. मॅक्रो चालू राहिला तर पुढचे लांबचे सगळे फोटो धूसर येतात, तो बंद करायची सवय लावून घ्या. 50 मिमीचा क्रॉप (चौकटीचा फक्त मधला भाग घेणं) लावला तर चौकट भरते, पण फाईल सुमारे 7 मेगापिक्सेलची राहते. 35 च्या क्रॉपला 15 उरतात. सोनी 24 मिमीला 8 सेंटीमीटरपर्यंत जातो, पण तेवढ्या जवळ कॅमेऱ्याचीच सावली पानावर पडते. 200 मिमीला किमान एक मीटर अंतर लागतं. जायकवाडीच्या पाणपक्ष्यांसाठी 200 मिमी घेऊन जाऊ नका, पक्षी ठिपके येतात.

आता धूळ. दोन्हीतला एकही धूळरोधक नाही, कंपन्यांनी तसा दावाही केलेला नाही. बाहेर येणारी लेन्स आत जाताना हवा ओढते, आणि हवेबरोबर जे असेल ते. मळणीच्या दिवसांतला भुसा, मिरवणुकीतला गुलाल, हळदीच्या दिवशीची हळद. सगळ्यात वाईट जागा नेहरू शर्टाचा बाजूचा खिसा, त्यात कापसाचे तंतू कायम असतात. खिशात सुटा ठेवूच नका, झिपच्या पिशवीत किंवा चष्म्याच्या मऊ पाकिटात ठेवा. गुलाल उधळत असेल तर लेन्स सारखी आत-बाहेर करू नका. एकदा उघडली की काम होईपर्यंत उघडीच ठेवा, मग आडोशाला जाऊन नळीवरची पूड मऊ ब्रशने झटका आणि नंतरच बंद करा. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकीचे थेंब जातात. दाबाच्या हवेचा डबा तर अजिबात नाही, बाहेरची धूळ तो आत ढकलतो.

दर महिन्याला एक तपासणी करा. निरभ्र आकाश किंवा पांढरी भिंत, फोकस मुद्दाम चुकवलेला, रिको एफ 16 वर, सोनी एफ 11 वर. फोटो उजळ-गडद फरक वाढवून पाहा. करडे मऊ कडांचे ठिपके एकाच जागी दिसले तर ते सेन्सरवरचे. रिकोत सेन्सर थरथरवून धूळ झाडायची सोय आहे. ती कॅमेरा चालू होताना आपोआप चालेल अशी लावा आणि सुट्या कणांसाठी दोन-तीनदा चालवून पाहा. चिकटलेला कण तिने निघत नाही. सोनीत तशी सोय नाही. दोन्ही कॅमेऱ्यांत लेन्स निघत नसल्याने पुढचं काम कारागिराचं. तोवर एफ 5.6 च्या पुढे जाऊ नका, ठिपका जवळजवळ दिसेनासा होतो.

बॅटरी दोन्हींची तोकडी. ठरलेल्या चाचणीत रिको सुमारे 200 फोटो देतो, सोनी सुमारे 260. यात्रेच्या दिवसाला रिकोसाठी तीन बॅटऱ्या धरा, सोनीसाठी दोन. चार्जिंग कॅमेऱ्यातच होतं, रिकोला यूएसबी-सी, सोनीला जुनी मायक्रो यूएसबी. भारनियमनाच्या गावात पॉवर बँक आणि दोन्ही केबली बरोबर असू द्या.

व्हिडिओ लागत असेल तर चर्चाच नको, सोनी. 4के आहे, माईकची जागा आहे, स्क्रीन समोर वळते. मूळ सेटिंगवर 4के पाचेक मिनिटांत थांबतो. मेन्यूत तापमानाची बंद होण्याची मर्यादा "हाय" करा आणि कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, कारण मग तो हातात धरवत नाही. मेच्या उन्हात "हाय"वरही भरवसा धरू नका. रिकोत फुल एचडी आहे, एवढंच.

जुना घेणार असाल तर दुकानातच चार गोष्टी बघा. लेन्स दहा वेळा उघडून मिटवा, करकर आवाज आला किंवा लेन्ससमोरची पाती अर्धवट उघडी राहिली तर सोडून द्या. वरची आकाशाची तपासणी करा. रिकोचं पुढचं चाक एकेक घर फिरवून आकडा उडी मारतो का पाहा. सोनीचा व्ह्यूफाइंडर आणि फ्लॅश चार-पाच वेळा वरखाली करा. आणि कार्ड स्वतःचं घेऊन जा, काढलेले फोटो घरी मोठ्या पडद्यावर चारही कोपऱ्यांत पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.