ओटीपी जपला, अंगठा दिला

२०२५ च्या खरिपात मी पीक विमा भरला नाही. एक रुपयातला विमा बंद झाला होता आणि पेरणीच्या ओढाताणीत हप्त्याचे पैसे काढणं जिवावर आलं. मग सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्यात आमचं दोन एकर सोयाबीन आठ दिवस पाण्यात होतं. शेंगांतच कोंब फुटले.

पंचनामा झाला, तरी डोक्यात एकच किडा : विमा नाही, मग अनुदान कसं मिळणार? निम्म्या गावाचा हाच समज होता. खरं तर अतिवृष्टीच्या अनुदानाला विम्याची अट नाही. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असलं आणि पंचनाम्यात नाव आलं की झालं. जिरायतीला तेव्हा हेक्टरी ८,५०० रुपये होते, म्हणजे माझ्या ०.८० हेक्टरला ६,८००. एवढं तेव्हा ठाऊक असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

दिवाळीच्या तोंडावर एक पोरगा आला. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल आणि अंगठ्याचं मशीन. पारावर बसून म्हणाला, "काका, विमा नसलेल्यांची नावं यादीतून उडालीत. केवायसी केली की परत चढतात." माझं नाव, गट नंबर, क्षेत्र त्यानं न विचारता सांगितलं. मी तिथंच विरघळलो. ग्रामपंचायतीत लावलेल्या यादीत हे सगळं लिहिलेलं होतं, हे नंतर सुचलं.

मी विचारलं, "ओटीपी लागंल का?" तो हसला. "नाही काका, ओटीपी कुणालाच द्यायचा नसतो." मला केवढा आधार वाटला!

पहिल्यांदा अंगठा ठेवला. "झिजलाय, उठत नाही. डोक्याला पुसा." मी केसांवर अंगठा घासला, परत ठेवला. मग तिसऱ्यांदा. शेतकऱ्याचा अंगठा रेशनच्या मशीनवरही एका फटक्यात उठत नाही, त्यामुळं शंका कशी यावी? वर शंभर रुपये दिले, चहाही पाजला.

बँकेला दिलेलं सिम कधीच बंद पडलेलं, म्हणून मेसेज आला नाही. नऊ दिवसांनी पासबुक छापलं. अनुदान ६,८०० जमा. त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तो पारावर बसला त्याच दिवशी, आधारवरून ६,५०० वजा. नाव यादीतून कधी उडालंच नव्हतं. फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक, काढलेला असल्यामुळं केवायसीचीही गरज नव्हती.

आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा, एवढ्यावर पैसे निघतात. पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, बँकेत अर्ज दिला. साहेब म्हणाले, तीन कामाच्या दिवसांत आला असतात तर तुमची बाजू भक्कम होती. पैसे अजून आलेले नाहीत.

यादीत नाव आहे का, ते तलाठ्याला नाहीतर तहसीलला विचारा, पारावरच्या माणसाला नको. बँकेतला मोबाइल नंबर चालू आहे का, तेही आजच बघा. मी आता एम-आधार या मोबाइल ॲपवरून अंगठा लॉक केलाय. रेशनच्या दिवशी लेक तेवढ्यापुरता उघडून देते. दुकानदार वैतागतो, रांग थांबते. थांबू दे.