डांग्या खोकला: ॲलर्जीचं सिरप की अझिथ्रोमायसिन?

मेळघाटातल्या पाड्यावर पोराला उबळ लागली की मेडिकलमधून आधी ॲलर्जीचं सिरप येतं. कल्पना अगदीच बिनबुडाची नाही. डांग्या खोकल्याच्या जंतूच्या विषाने उंदीर हिस्टामिनला, म्हणजे ॲलर्जी उठवणाऱ्या शरीरातल्या रसायनाला, जास्त संवेदनशील होतात, हे जुनं निरीक्षण आहे. पण डायफेनहायड्रॅमिन या ॲलर्जीच्या औषधाच्या 49 रुग्णांच्या चाचणीत उबळी कमी झाल्या नाहीत. वर पोर झोपाळू होतं, आणि ते सुस्तावलंय की श्वास अडतोय हे आईला कळत नाही.

अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक जंतू मारतं. सहा महिन्यांखाली दर किलोला 10 मिग्रॅ, रोज एकदा, 5 दिवस. म्हणजे 5 किलोच्या बाळाला 50 मिग्रॅ. घोळ इथेच होतो: 5 मिलीत 100 मिग्रॅची बाटली असेल तर 2.5 मिली, 200ची असेल तर 1.25. चमच्याने नको, सिरिंजने मोजा. डोस डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत दिलं तरच खोकल्यावर फरक पडतो. उशिरा दिल्यास इतरांना होणारा संसर्ग थांबतो, ढास मात्र आठवडेच्या आठवडे राहते.

तान्हं बाळ निळं पडलं, श्वास थांबला, तर दोन्ही बाटल्या बाजूला ठेवा आणि 108 बोलवा.