जुना ट्रॅक्टर: गिअरबॉक्स स्लायडिंग मेश की कॉन्स्टंट मेश?

स्लायडिंग मेशमध्ये दातेरी चाकंच सरकून एकमेकांत बसतात. म्हणून ट्रॅक्टर पूर्ण थांबवा, क्लच तळापर्यंत दाबा, तीन-चार सेकंद दम धरा, मगच दांडा टाका. खरखर आली तर रेटू नका. दातांच्या कडा झिजतात आणि पुढे ओढीत गिअर सुटतो. दातासमोर दात अडला, तर न्यूट्रलमध्ये क्लच किंचित सोडून पुन्हा दाबायचा.

कॉन्स्टंट मेशमध्ये चाकं कायम गुंतलेली, सरकतो फक्त कपलर, म्हणजे चाक शाफ्टला जोडणारी कडी. शिकाऊ हाताला हाच बरा.

लो-हाय (गिअरची हळू-जोरकस आणि वेगवान अशी रेंज) मात्र दोन्हींत उभ्या ट्रॅक्टरवरच बदला. काळ्या रानात नांगरटीला लो, कापसाची ट्रॉली जिनिंगला नेताना सपाट डांबरीवर हाय. उतार लागण्याआधीच खालचा गिअर घ्या. भरल्या ट्रॉलीसह न्यूट्रल तर नकोच.