लिनक्ससाठी ग्राफिक्स कार्ड: एएमडी की एनव्हिडिया?

ऐरोलीच्या भाचीला नवा पीसी जुळवून द्यायचा होता. त्यावर फक्त लिनक्स. मग कार्ड कुठलं?

एएमडीचा 'एएमडीजीपीयू' ड्रायव्हर २०१५ पासून कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे. त्यावरचं, ग्राफिक्स काढण्याचं काम मेसा नावाचं खुलं सॉफ्टवेअर सांभाळतं. कार्ड बसवा, मशीन सुरू करा, झालं. कर्नल बदलला तरी ड्रायव्हर त्याच्यासोबतच येतो. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण दर अपडेटनंतर ठाण्याहून ऐरोलीला धावत जाणं मला जमणार नाही. मात्र अगदी नुकतंच बाजारात आलेलं कार्ड घेतलं, तर कर्नल आणि मेसाही तितकेच ताजे हवेत. डेबियन या लिनक्स प्रकाराच्या जुन्या आवृत्तीवर तिथेच अडतं.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर बहुतेक ठिकाणी वेगळा टाकावा लागतो. २०२२ मध्ये कंपनीने कर्नल मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचे कर्नलमध्ये बसणारे भाग, खुले केले (त्यांचा कोड सगळ्यांना दिला), ड्रायव्हरचा वरचा भाग अजून बंदच आहे. सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूलवर डिजिटल सही लागते. नवख्या माणसाची इथे हमखास दमछाक होते. वेलँडवरचं (लिनक्सवर पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी पद्धत) लुकलुकणं ड्रायव्हरच्या ५५५ आवृत्तीपासून बरंच कमी झालंय. पण काम कूडावर (कार्डवर गणनेची कामं चालवणारी एनव्हिडियाची प्रणाली) अवलंबून असेल, तर मी डोळे मिटून एनव्हिडियाच सांगेन.

भाचीचं काम कोडिंगचं, उरलेल्या वेळात स्टीमवर गेम. तिला एएमडी घेतलं.